माझ्या बाजूला बघ गं

मुलींचं वसतिगृह, जुन्नर
१५ जुलै २०२५

प्रिय आरती,

तुला नमस्कार, आणि तुझ्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही सगळ्या बऱ्या आहोत, तिकडेही सगळी बरी असतील. भाताची आवणी सुरू झाली असेल. म्हणजे तू आत्ता गुडघाभर चिखलात उभी असशील आणि रोपं लांब लांब लावते म्हणून आई तुझ्यावर ओरडत असेल.

पत्र बघून हसू नकोस. तुझा फोन लागत नाही. तळेघरात कुठल्या दगडावर चढलं की रेंज येते ते तूच सांगितलं होतंस, आणि या पावसात तू त्या दगडावर चढणार नाहीस हे मला माहीत आहे. आज तुझे दादाभाऊ काका पाहुण्यांकडे आले होते, ते वसतिगृहावर डोकावले. उद्या परत निघणार म्हणाले, म्हणून बसले लिहायला. एवढं मोठं पत्र मी परीक्षेत निबंध म्हणूनसुद्धा लिहिलं नव्हतं.

खोली अगदी सुनी झालीय बाई. तुझ्या पलंगावर मी कपडे टाकायला सुरुवात केली होती, मग काढून ठेवले. मेसमध्ये परवा बटाटा, काल पण बटाटा. माझ्या ताटातला बटाटा उचलून घेणारं कुणी नाही, मी आपली वरणभात खाऊन उठते. आईला हे कळलं तर म्हणेल की बटाट्याची भाजी ताटात घेतेसच कशाला. चातुर्मास लागल्यापासून रोज तिचा फोन. दिवस मावळायच्या आत जेवलीस का, पाणीसुद्धा आतच प्यायलीस का. तिला काय सांगू, की दुपारपाळीला असताना आरती माझे पेशंट सांभाळायची म्हणून मला वेळेत जेवता यायचं. ‘माझ्या बाजूला बघ गं’ म्हणायचं आणि डबा घेऊन पळायचं, एवढंच माझं काम. आता दुपारपाळी असली की मी डबा नंतर खोलीवरच खाते.

काल नर्सिंग फंडामेंटल्सचं प्रात्यक्षिक होतं. पलंगावरच्या पेशंटला अंघोळ घालणे. आपली प्लॅस्टिकची मंजुळाबाई पडली होती टेबलावर, नेहमीसारखी छताकडे बघत. मी पाणी कोमट आहे का ते मनगटावर बघितलं, पडदा ओढला, टॉवेल घेतला, सगळं बरोबर. आणि तिला न सांगताच तिच्या अंगावरची चादर काढली. वायळ सिस्टर एकदम म्हणाल्या, “थांब. बाईला विचारलंस?” सगळ्या मुली खुसुखुसू हसायला लागल्या. सिस्टरांनी मला मंजुळाबाईची माफी मागायला लावली, मोठ्याने, नाव घेऊन. मी मागितली. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस.

सारजाबाईंचं विचारशील म्हणून सांगते. त्यांचं ऑपरेशन झालं, खुब्यात सळई घातली. शुद्धीवर व्यवस्थित आल्या. येडगावहून मुलगा आला होता, तो चांगला आहे बिचारा, कुणावर आवाज चढवला नाही. डॉक्टर म्हणाले चालतील, पण वेळ लागेल.

आणि आरती, तू हे सगळं फार मनाला लावून घेऊ नकोस. त्या पडल्या त्या संध्याकाळी वॉर्डात काय गर्दी होती, ती नवीन पेशंट आलेली, तिचे नातेवाईक आत घुसलेले, स्टाफ सिस्टर खाली गेलेल्या. अशा गलक्यात मी सांगितलेलं तुला ऐकू आलं नसेल. माणसाचं होतं असं. मी वायळ सिस्टरांनासुद्धा म्हटलं की आरतीने काही मुद्दाम केलेलं नाही, तिच्यासारखी काम करणारी मुलगी आमच्या वर्गात नाही. प्राचार्यांनी वडिलांना घेऊन यायला सांगितलंय ना, मग ये घेऊन. त्यांच्यापुढे उभं राहायचं, चुकलं म्हणायचं, विषय संपला. एवढ्यासाठी कुणी कुणाला काढून टाकत नाही.

लवकर ये. तुझी ती हिरवी बादली मी वापरतेय, रागावू नकोस.

तुझीच,
रिद्धी


तळेघर
२० जुलै

प्रिय रिद्धी,

तुझं पत्र मिळालं. दादाभाऊ काकांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरून आणलं, तरी एक कोपरा भिजलाच. अक्षर वाचता आलं.

आईला सगळं वाचून दाखवलं. मंजुळाबाईचं ऐकून ती लई हसली. मग म्हणाली, “पोरगी गुणाची हाय. तुजी बाजू घेती सायबिनीपुढं. आशी मैत्रीण मिळत न्हाई.” तुला तिने नाचणीचे पापड पाठवायचे म्हणून ठेवलेत. पाऊस उघडला की कुणाबरोबर तरी देईन.

आमचे दादा येणार नाहीत. आवणीचं कारण सांगतात, पण ते खरं नाही. तुला माहीत आहे ना, ॲडमिशन झाली तेव्हा ते एस्टीत अनोळखी माणसालासुद्धा सांगायचे, आमची आरती सिस्टर होणार हाय. आता ते गाडीच्या टायमाला स्टँडकडे जातच नाहीत. कुणी विचारेल, पोरगी का आली म्हणून. काल रात्री जेवताना म्हणाले, “म्या तितं जाऊन काय बोलू? माज्या पोरीनं म्हातारी पाडली म्हणून हात जोडू?” नंतर भाकरी तशीच ठेवून उठले. आमच्या दादांना, गावच्या गेणभाऊला, कुणी असं बघितलेलं नाही.

मी आता दुसरंच विचारायला हे पत्र लिहितेय.

तू त्या दिवशी मला सांगून गेलीस, हे मला आठवत नाही. मी रोज आठवते. रोप लावताना आठवते, झोपताना आठवते. तू रोज सांगायचीस, त्यामुळे आवाज कानात येतो, ‘माझ्या बाजूला बघ गं’, पण तो त्या दिवसाचा की आदल्या दिवसाचा ते कळत नाही. आधी मला वाटायचं, नाही सांगितलं. आता वाटायला लागलंय की तू सांगितलं असणार आणि मीच विसरले. तू खोटं कशाला बोलशील.

पण मग हे फार वाईट आहे रिद्धी. कारण जिला समोरून सांगितलेलं लक्षात राहत नाही, तिच्या हातात माणूस द्यायचा नसतो. शेजारची भागूआजी परवा बीपी बघायला आली, मी सुट्टीत नेहमी बघते तशी. मी पट्टा बांधला, बघितलं, परत बघितलं, आणि मग तिला म्हटलं आजी, घोडेगावला जाऊन दाखव, माझं मशीन बिघडलंय. मशीन चांगलं आहे.

म्हणून एवढंच सांग. तू सांगितलंस तेव्हा कुठे उभी होतीस? दाराशी, की औषधांच्या ट्रॉलीपाशी? मी तेव्हा काय करत होते, कुणाच्या पलंगाशी होते? एवढं कळलं तरी मला आठवेल. आठवलं की बरं वाटेल, म्हणजे चूक माझीच आहे हे नक्की होईल आणि डोक्यातलं हे थांबेल.

शनिवारी मी येणार आहे. वडिलांना न घेता. पेटी आणि दाखले घेऊन जायला. बादली तूच ठेव.

तुझी,
आरती


मुलींचं वसतिगृह, जुन्नर
२३ जुलै

प्रिय आरती,

तुला नमस्कार. तुझ्या आईला आणि दादांना नमस्कार लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

तुझं पत्र मिळालं. मी कुठे उभी होते असं विचारलंस. मी आधी जागाच शोधत होते, आरती. खरंच शोधत होते. दाराशी म्हणावं तर दार तुझ्या बाजूहून दिसत नाही. ट्रॉलीपाशी म्हणावं तर ट्रॉली त्या वेळी नवीन पेशंटकडे होती. म्हणजे बघ, तुझं पत्र हातात आलं तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं, की तुला पटेल अशी जागा कुठली. कापडाच्या दुकानात वाढलेली पोरगी मी, ठिगळ कुठे लावलं की दिसत नाही ते बरोबर कळतं.

मी कुठेच उभी नव्हते. मी तुला सांगितलं नाही. तू काही विसरलेली नाहीस.

आता सगळं सांगते, नीट, झालं तसं. मध्येच पत्र टाकून देऊ नकोस.

सारजाबाईंना मी कमोडच्या खुर्चीवर बसवलं होतं. पलंगाची कड खाली केली, त्यांना धरून उतरवलं, पडदा ओढला. आपल्याला शिकवलंय तसंच म्हटलं, “झालं की हाक मारा, मी इथंच आहे, पडद्याच्या बाहेर.” आणि बाहेर उभी राहिले. तोवर सगळं बरोबर होतं.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात झमकूकाकू दिसल्या. हातात माझ्या आईचा डबा. ओतूरात आमच्या समोरच्या घरात राहतात त्या. माझ्या भावाची, अंकितची, सोयरीक त्यांच्या भाचीशी जमवायचं चाललंय, हे तुला मी सांगितलं होतं. काय सांगितलं नव्हतं ते सांगते. आमचं घर सोडून ओतूरात कुणालाच माहीत नाही की मी नर्सिंगला आहे. पप्पांनी ॲडमिशनच्या दिवशीच सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर फार्मसी म्हणायचं, आपल्या माणसांना औषधाचं दुकान समजतं. मीसुद्धा तेच म्हणायला लागले. लग्नात म्हणायचे, जैन स्थानकात साध्वीजींच्या समोरसुद्धा म्हणायचे. तू मला एकदा विचारलं होतंस की तुझ्या घरचे तुला बघायला कधी वॉर्डात का येत नाहीत, तेव्हा मी दुकानाचं कारण दिलं होतं.

काकूंचं कुणीतरी वरच्या खोलीत दाखल होतं, त्यांना भेटायला त्या आल्या होत्या. आईने त्यांच्या हाती डबा दिला आणि सांगितलं, रिद्धी तिथेच असते, खाली औषधांकडे. काकू खाली विचारत विचारत वर आल्या.

त्यांची नजर माझ्यावर पडायच्या आत मी ॲप्रन काढला. त्याची गुंडाळी केली आणि मळक्या चादरींच्या पिशवीत कोंबला. आणि बाजूच्या दाराने बाहेर पडून, जिन्यावरून आल्यासारखी काकूंच्या समोर गेले.

“अगं, तू इथं कशी? तुझं ते औषधाचं तर खाली आहे ना?”

“औषधं पोचवायला आले होते काकू.”

तेवढ्यात आतून हाक आली. “ताई, झालं गं माझं.” हळूच होती, पण मी ऐकली. काकूंनीसुद्धा ऐकली. त्या म्हणाल्या, “कुणीतरी बोलावतंय वाटतं.”

मी म्हटलं, “असेल कुणी पेशंट. इथं नर्सा असतात ना, त्या बघतील.”

हे मी म्हटलं, आरती. ‘नर्सा’ म्हटलं. ज्या ठसक्यात आमच्याकडे म्हणतात त्याच ठसक्यात.

आणि काकूंना घेऊन मी खाली गेले. तुझ्या बाजूला जायचं तर काकूंच्या देखत तुझ्याजवळ जाऊन बोलावं लागलं असतं, तू मला काहीतरी वॉर्डातलं विचारलं असतंस. म्हणून गेले नाही. आवारातल्या बाकावर बसून दिवस मावळायच्या आत डबा खाल्ला. काकू सांगत होत्या, बरं झालं तू फार्मसी घेतलीस, त्यांच्या नात्यातल्या कुणा मुलीने नर्सिंग घेतलंय, कुणाकुणाला हात लावायचा, कुणाचं काय काय उचलायचं, चांगल्या घरात कोण करणार तिला. मी मान हलवली. तोंडात मेथीचा पराठा होता, तो खात मान हलवली.

वर आले तेव्हा आत गलका होता. पडलं कुणीतरी, एवढं कळलं, आणि कोण पडलं असेल तेही कळलं. पण मी आधी त्या पिशवीपाशी गेले. ॲप्रन काढला, झटकला, घातला, बटणं लावली. मग पडद्यामागे आले. तू फरशीवर बसली होतीस, त्यांचं डोकं तुझ्या मांडीवर होतं, आणि तू सगळ्यांना सांगत होतीस, “हलवू नका, कुणी उचलू नका, सिस्टरांना बोलवा.” सगळं पुस्तकात आहे तसं तू करत होतीस.

वायळ सिस्टरांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, जाताना पेशंटचा हँडओव्हर दिला होतास? मी म्हटलं, हो सिस्टर, आरतीला सांगून गेले, रोजच्यासारखं. तू माझ्याकडे बघितलंस. तू रागावली असतीस, ओरडली असतीस, तर मी तिथेच कबूल केलं असतं असं मी स्वतःला सांगते, पण ते काही खरं नाही. तू ओरडली नाहीस. तू आठवायला लागलीस. आणि मला बरं वाटलं.

त्यानंतर मी तुला ते पत्र लिहिलं. तुला ऐकू आलं नसेल, माणसाचं होतं असं, बाप रे. वडिलांना घेऊन ये आणि चुकलं म्हण, असं मी तुला लिहिलं. तुझी आई ते ऐकून मला गुणाची म्हणाली. माझ्यासाठी पापड ठेवले. ते मला पाठवू नकोस.

सोमवारी तुझं उत्तर वाचल्यावर मी सारजाबाईंकडे गेले. माफी मागायला गेले असं वाटेल तुला. नाही. त्यांना काय आठवतंय ते बघायला गेले. म्हातारं माणूस, त्यात भूल दिलेली, काही आठवत नसेल तर मग विषय माझ्या हातात राहतो, असा माझा हिशेब होता. त्यांच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, सारजाबाई, त्या दिवशी तुम्ही उठायला का गेलात?

त्या म्हणाल्या, “म्या बगितलं व्हतं तुला. पडदा वाईच फाटलाय ना तितं. तू अंगातलं काढून पिशवीत घातलं.”

मी पडद्याकडे बघितलं.

“मला वाटलं, पोरीला लाज वाटती आसंल. चांगल्या घरची पोर, आन् आमचं आसलं घाण काम. कुणी पावणं आलं आसंल तिचं. म्हून मंग म्या दुसऱ्यांदी हाक न्हाई मारली. म्हणलं आपलं आपन उठावं.”

आणि मग वर मलाच म्हणाल्या, “तू लावून घेऊ नको. त्या दुसऱ्या पोरीला काय झालं, दिसत न्हाई ती?”

मी तिथे रडले. मला तिथे रडायला नको होतं, कारण त्या म्हातारीने तसल्या अवस्थेत हात लांब करून माझं डोकं थोपटलं, आणि शेजारच्या पलंगावरची बाई बघायला लागली की पेशंट कोण आहे.

तिथून उठून वायळ सिस्टरांकडे गेले. त्या औषधांच्या खोलीत होत्या. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं आता तोंडात मारतील, मारलं असतं तर बरंच झालं असतं. त्या खाली बसल्या, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या मुलीला मी वॉर्डात रडूसुद्धा दिलं नाही. म्हटलं, चूक करून रडायचं नाही.” मग म्हणाल्या, “मी तुम्हाला रोज बघत होते, तू लांबूनच ‘बघ गं’ म्हणून पळायचीस ते. पलंगापाशी उभं राहून, पेशंटचं नाव घेऊन सांगायचं असतं, हे मी शिकवलं आणि तुम्ही करत नाही हे बघूनही गप्प बसले. ते मी प्राचार्यांना सांगेन. तुझं तू सांग.”

मी सांगितलं. लेखी दिलं, सही केली. प्राचार्यांनी मला वॉर्डात पेशंटला हात लावायला बंदी केलीय आणि समितीचा निर्णय होईपर्यंत वसतिगृह सोडून बाहेरगावी जायचं नाही असं सांगितलंय. म्हणून मी तळेघरला येऊ शकत नाही. खरं सांगायचं तर परवानगी असती तरी तुझ्या दादांसमोर उभी राहू शकले असते की नाही, मला माहीत नाही. कॉलेजातून त्यांच्या नावे पत्र निघालंय की आरतीचा दोष नाही, तिला परत पाठवा. पण पोस्ट तुमच्याकडे कधी पोचेल, म्हणून हे मी ओळखीच्या मुलीबरोबर घोडेगावला पाठवतेय, ती तळेघरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देईल. शनिवारच्या आत तुला मिळायलाच हवं.

पप्पांना फोन केला. म्हटलं, झमकूकाकूंना सांगा की मी नर्सिंगला आहे, आणि माझ्यामुळे एक बाई पडली, आणि ते मी दुसऱ्या मुलीवर ढकललं. पलीकडे दुकानात कुणीतरी साडी उलगडून दाखव म्हणत होतं. पप्पा म्हणाले, “सांगून काय मिळणार आहे?” मी म्हटलं, काही नाही. मग त्यांनी फोन ठेवला. अजून आलेला नाही. आईचाही नाही. जेवलीस का म्हणून विचारायलासुद्धा नाही.

आमच्यात संवत्सरीला सगळ्यांची क्षमा मागायची असते. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून मी दरवर्षी मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांना एकदम पाठवते, जाणता-अजाणता काही दुखावलं असेल तर. घाऊक. गेल्या वर्षी तुलाही पाठवलं होतं, आणि तू विचारलं होतंस, तू माझं काय केलंयस? यंदा तुला तसलं काही पाठवणार नाही. मी हे जाणून केलं. क्षमा कर असं लिहायला बसले की लाज वाटते, कारण ते सुद्धा तुझ्याकडून काहीतरी घेणंच झालं. मी तुझं आधीच फार घेतलंय. भागूआजीचं बीपी मात्र बघ. तुझं मशीन चांगलं आहे आणि तुझा हातही चांगला आहे.

आज दुपारी मी परत सारजाबाईंकडे गेले होते, नातेवाइकांच्या वेळेत, साध्या कपड्यांत. बसले होते तर त्या चुळबुळ करायला लागल्या. मी विचारलं, भांडं हवंय का? त्यांनी मान हलवली. मला हात लावायची परवानगी नाही. मी दारापर्यंत गेले, सिस्टरांना हाक मारली, परत आले आणि कुणी येईपर्यंत त्यांच्या पलंगापाशी उभी राहिले. एवढंच मला करता येत होतं, ते केलं. मग बाहेर आले.

शनिवारी तू येशील तेव्हा पेटी उचलू नकोस. ॲप्रन घाल, मी धुऊन इस्त्री करून तुझ्या पलंगावर ठेवलाय. आणि वॉर्डात जायच्या आधी माझ्याकडून हँडओव्हर घे. पलंगापाशी उभी राहून द्यायला मला आता ड्यूटीवर आत येऊ देत नाहीत, म्हणून लिहून देते.

खिडकीजवळचा पलंग. सारजाबाई, येडगावच्या. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, उजव्या कुशीवर वळवायचं नाही. पलंगाची कड वर आहे, मी निघताना हलवून बघितली. चहा कोमट लागतो, बशीत ओतून. जवळच्या पडद्याला भोक आहे, ते शिवून घ्यायला सांग, बाईला उघडं वाटतं. मुलगा रविवारी येतो. लघवी-संडासला लागलं की हाक मारायला लाजतात. एकदाच मारतात, तीही हळू, आणि कुणी आलं नाही तर परत मारत नाहीत. म्हणून त्यांच्या हाकेची वाट बघायची नाही. आपणच जाऊन विचारायचं.

हे मी तुला आज सांगितलं. त्या संध्याकाळी सांगितलं नव्हतं.

रिद्धी लालचंद मुथा
विद्यार्थिनी, नर्सिंग, प्रथम वर्ष